खाऱ्या भाताचं अनुकूलन

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी मिरवूनच सांगते. पण ती पदवी एका शब्दावर अडकली होती.

शेवटच्या वर्षाची वनस्पतीशास्त्राची तोंडी परीक्षा. नापास झाले तर वर्ष जाणार. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "अनुकूलन म्हणजे काय? उदाहरण दे."

मला घरचंच उदाहरण सुचलं. आमची शेती खाडीकाठची. उधाणाला बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं, तरी आमचं भात पिकतं. मी ठोकून दिलं, "भात हळूहळू खारं पाणी सोसायला शिकतं, सर."

"शिकतं? मग डोंगराकडच्या शेतातलं रोप आज तुमच्याकडे आणून लावलं, तर तेही शिकेल?"

"हो."

"जेवून ये. शेवटी परत विचारतो."

डबा काही उघडला नाही. व्हरांड्यात जाऊन बाबांना फोन लावला.

"काय गो, झालीस पास?"

"नाही अजून. बाबा, आपलं भात खारं पाणी सोसायला कसं शिकलं?"

"भात शाळेत जातं काय शिकायला? बांध फुटला की निम्मं शेत करपतं. जी रोपं उभी राहतात त्यांच्याच लोंब्या तुझी आई खुडते, बियाण्याला. माझ्या आजोबांपासून असंच चाललंय."

"आणि करपलेली?"

"त्यांचं कसलं बियाणं? तुला कॉलेजात एवढं पण नाय सांगितलं?"

लोंब्या खुडायला मीही जायची. कापणीआधी, वाकून, एकेक. तरी परीक्षेत भात शिकतं म्हणाले.

सर्वांत शेवटी मला बोलावलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "सर, सकाळचं उत्तर चुकलं. एकही रोप बदलत नाही. मिठाने काही मरतात, काही तगतात. तगलेल्यांचं बी पुढे जातं. बदलते ती जात, पिढ्यान्‌पिढ्या. त्याला अनुकूलन म्हणायचं."

"कोणत्या पुस्तकात वाचलंस?"

"शब्द पुस्तकातला. बाकीचं आईबाबांचं."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाले. मी पास झाले.

आता कोणी 'डासांना औषधाची सवय झालीय' म्हणालं, की मी अडवतेच. सवय नाही हो, औषधाने जे मेले नाहीत त्यांची ही पिल्लावळ. वहिनी म्हणते, "झाली हिची शिकवणी सुरू." होऊ दे.