पाच चिंचोके

नबीलाल पाऊस मोजायचा, आणि सोलापूर जिल्ह्यात पाऊस मोजायचा म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस शून्य लिहायचं. वैरागजवळच्या फाट्यावरून आत गेलं की त्याचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत तो शिपाई. सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेआठला तो शाळेमागच्या पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचा, आतला डबा बघायचा, आणि आभाळ कोरडंठाक असलं तरी वहीत ०.० लिहायचा. लोक हसायचे. पण गडी असा, की पोराच्या निकाहादिवशी वरात थांबवून डबा बघून आला.

परवा पुण्याहून पूनम नावाची बाई आली. हवा तापत चाललीय तसा एका दिवसात कोसळणारा पाऊस वाढतोय का, याचा ती अभ्यास करत होती. हातानं लिहिलेल्या एवढ्या जुन्या वह्या आता सापडत नाहीत, म्हणाली. नबीलालच्या बायकोनं, खातूनबीनं दिलेला चहा प्यायली, आणि बोट ठेवलं ते नेमकं पाच वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधल्या एका दिवसावर.

नबीलालच्या मनात पाल चुकचुकली. नऊ हजारांवर दिवसांतला हाच दिवस हिला कुणी दाखवला? तालुक्यावरून कुणीतरी धाडली असणार. अभ्यास नुसता बहाणा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

वहीत होतं १२७.४ मिलिमीटर. त्या दिवशी पूल वाहून गेलेल्या ओढ्यावर पूनम आधीच जाऊन आली होती. एवढ्या पावसानं पूल वाहून जात नाही, पाणी शाळेच्या पायरीला लागत नाही, असं तिचं म्हणणं. कारण कळल्याशिवाय हा आकडा घेता येणार नाही, आणि मग सगळीच वही बाजूला ठेवावी लागेल, हेही तिनं सांगून टाकलं. नबीलालनं ताकास तूर लागू दिली नाही. मापात आलं ते लिहिलं, एवढंच म्हणाला.

दुपारी ती गावात फिरली. कुणाच्या विहिरीपाशी, कुणाच्या ओट्यावर. नबीलाल पंचायतीच्या खिडकीतून बघत राहिला. ही आपल्याबद्दलच विचारतेय, याची त्याला खात्री पटली. घरी आला तर खातूनबीनं जेवणाऐवजी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढं सरकवला. पाच वर्षं तिनं तो जपून ठेवला होता, आणि एकदाही त्यावरून टोमणा मारला नव्हता. त्याला जास्त लाज त्याचीच वाटली.

संध्याकाळी पूनम निरोप घ्यायला आली, तेव्हा त्यानं डबा वहीवर उपडा केला. पाच चिंचोके पडले.

मोजताना गफलत नको म्हणून वीस मिलिमीटरचा एकेक पेला ओतला की एक चिंचोका टोपीत टाकायची त्याची सवय. पाच वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी टोपीत अकरा जमले, वर सात पूर्णांक चार उरलं. दोनशे सत्तावीस. तेवढ्यात तालुक्यावरून फोन आला. शेजारच्या गावांत नव्वद, शंभर. आदल्या वर्षी त्यानं मोठा आकडा कळवला होता, तर तिथल्या साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, डबा नळाखाली धरला होतास का म्हणून. आता नुकसानभरपाईसाठी पाऊस फुगवला म्हणतील. खोटारडा ठरू नये म्हणून त्यानं टोपीतून पाच चिंचोके काढले आणि उरलेले मोजले.

पूनम म्हणाली, “चाचा, चिंचोके म्हणजे पुरावा नाही.”

“न्हाय की. पन त्यो एक दिस सोडून वहीत एक शून्य बी खोटं न्हाय.”

“हे मी कशावरून मानू?”

तिनं त्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं. वहीचं काय करायचं ते सकाळी सांगते म्हणाली, आणि मुक्कामाला वैरागला गेली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो शाळेमागं गेला, तर ती आधीच तिथं उभी. त्यानं नरसाळं उचललं. डबा कोरडा होता. सवयीनं तो वही उघडू लागला, तशी पूनमनं हात पुढं केला. डबा स्वतःकडं घेतला, उन्हाकडं धरून आत बघितलं, बोट घालून तळ चाचपला.

“शून्य,” ती म्हणाली. “आता लिहा. वही घेते मी, तो एक दिवस सोडून.”

सव्वीस वर्षांत त्याचं शून्य कुणी तपासलं नव्हतं. नबीलालनं ते लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली.