दोन पक्षकार आणि एक टेम्पो

आमचा दावा वलवणच्या एका वाटेचा होता. ती शेजारच्या आबांच्या जमिनीतून आमच्या भातखाचरांत जाते. आबांनी काटे टाकून वाट अडवली, वडिलांनी दावा लावला आणि खालच्या कोर्टात आम्ही हरलो. मग वडिलांनी पुण्याला अपील केलं. तरी तारखेला आबा आमच्याच टेम्पोतून यायचे. एसटीत चढताना त्यांचे गुडघे दुखायचे, आणि वडिलांना सोबत लागायची.

अपिलाचा निकाल अपेक्षित होता, त्या दिवशी मीही बरोबर होते. वडील स्टिअरिंगवर, आबा खिडकीशी, आणि मधे गिअरपासून पाय आवरून बसलेली मी. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, तीही कायद्याच्या. त्यामुळे घरी वाटतं की मला सगळं कळतं. मला निम्मंच कळतं, पण ते सांगायचा धीर होत नाही.

वडिलांना एकच धास्ती होती. आमच्या वकिलांनी सगळी केस फेरसुनावणीसाठी परत पाठवा, अशी मागणी केली होती. आमची मोठी साक्ष होती थोरल्या आत्याची. तिने लहानपणापासून त्या वाटेने भारे वाहिले होते. आता तिला सकाळी चहा घेतला की नाही, तेही आठवत नाही.

वराळ्याचा फाटा मागे पडल्यावर वडील म्हणाले, “पहिल्यापासनं सुरू झालं, तर आत्याला परत उभं करायचं व्हय?”

“तिची साक्ष लिहून घेतलीय. ती राहते.”

“नक्की?”

“बहुतेक.”

आबा हसले. “ही वकील व्हणार. आत्तापासनंच बहुतेक म्हणती.”

मला संकोच वाटला, तरी वर्गात शिकलेलं सांगितलं. एखाद्याचं ऐकूनच घेतलं नसेल, तर केस परत पाठवणं बरोबर. पण पुरावा पुरेसा असेल, तर वरच्या कोर्टाने स्वतःच निकाल द्यायचा. आणि एखादाच प्रश्न राहून गेला असेल, तर अपील आपल्याकडेच ठेवून तेवढ्याचं उत्तर खालून मागवायचं.

“म्हंजी नांग्या भरायच्या,” आबा म्हणाले. “रोप मेलं तितंच दुसरं लावायचं. त्यासाठी अख्खं खाचर कोण चिखलतं?”

“आबा, तुमी आमच्या बाजूनं बोलाय लागला,” वडील म्हणाले.

“बाजू न्हाई रं. परत पहिल्यापासनं कोर्टाचं जिनं कोण चढंल?”

न्यायाधीश बाईंनी जवळपास तेच केलं. खाली दोन्ही वकील वाट कुणाच्या मालकीची यावरच भांडले होते. आम्हाला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. बाईंनी तेवढा एक प्रश्न खाली पाठवला आणि अपील स्वतःकडे ठेवलं.

बाहेर येताच वडिलांनी विचारलं, “जिंकलो का हरलो?”

“अजून काहीच नाही. पण आत्याला यावं लागणार नाही.”

ते ऐकून त्यांनी सकाळपासून पहिल्यांदा चहा मागवला. तीन कप.

भात काढून झाल्यावर कोर्टाने नेमलेले कमिशनर जागा बघायला आले. आमच्या खाचरांच्या एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला बंगल्यांची भिंत. मागे कडा. आबा काठी टेकत त्यांच्यामागून फिरले आणि शेवटी स्वतःच म्हणाले, “दुसरी वाट न्हाई, सायेब. असती तर मी कवाच दाखवली असती.”

तसं उत्तर वर गेलं. आत्याची जुनी साक्ष आणि हे उत्तर धरून पुण्याच्या कोर्टाने निकाल दिला: जमीन आबांची, जायचा-यायचा हक्क आमचा.

काटे आबांनी आपल्या हाताने काढले. मग कमरेवर हात ठेवून वडिलांना म्हणाले, “तारखा संपल्या. आता मला पुण्याला कोण न्यायचं?”

“गुरुवारी मार्केटयार्डाला चाललोय. या की.”

गुरुवारी ते आमच्याआधी टेम्पोजवळ उभे होते. मी परत मधेच बसले.