आबांना झोपवलं नाही

आबा टेबलावर आडवे व्हायला तयार नव्हते. पाठ टेकली की श्वास अडायचा. बसल्या जागी प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. स्वरयंत्रावरच्या कॅन्सरच्या गाठीने वाट जवळपास बंद केली होती. ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवणं, तातडीने करायची होती.

मी जळगावात भूल देण्याचं काम करते. सर्जन म्हणाले, "मॅडम, जीए द्या. पटकन होईल."

जीए म्हणजे पूर्ण झोप.

"नको सर. झोपले की स्नायू सैल पडतील, उरलीसुरली वाटही बंद होईल. तोंडातून ट्यूब गेली नाही तर? लोकलमध्येच करा."

लोकल म्हणजे कापायची तेवढीच जागा बधिर करायची. पेशंट जागा.

आबांनी माझा हात धरला. "माले बेसुध करी टाका, बाई. माले भेव लागस."

मी कारण समजावलं. आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नळी बसाडी का माले बोलता यी का?"

सरांनी बाहेर थांबलेल्या त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं होतं. आबांना सांगायचं मुलाचं धाडस झालं नव्हतं. आबा भडगावच्या बाजारात भाजीचा लिलाव पुकारणारे.

"नाही आबा," मी म्हणाले. "पुढे स्वरयंत्रही काढावं लागेल."

ते म्हणाले, "पोर धुयाले शे. पोटुशी शे. तिले काही सांगेल नही."

ऑक्सिजनवर थोडा अवधी होता. मी बाहेरून मुलाचा फोन मागवला आणि धुळ्याला त्यांच्या मुलीला लावून दिला.

"आबा, आवाज काबर बसना?"

"सर्दी शे. जेवनी का माय?"

"जेवनू ना. कुकर व्हयना, नंतर करस मी फोन."

आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि मान मागे टेकवली.

नळी बसली. शिट्टी थांबली. आबांनी डोळे उघडून काहीतरी म्हटलं. ओठ हलले, तेवढंच.

स्वरयंत्र काढायचं मोठं ऑपरेशन झालंच नाही. गाठ पसरली होती. मुलगी बाळ घेऊन आली तेव्हा ते वॉर्डातच होते, टिचक्या वाजवून नातीला खेळवायचे. त्याच वॉर्डात गेले.

नंतर मुलगी मला भेटायला आली. "मॅडम, ते फोनवरचं बोलणं शेवटचं आहे, हे त्यांना माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

अशा केसमध्ये लोकल हाच निर्णय बरोबर असतो. आता सुई भरण्याआधी मी पेशंटला एवढंच विचारते: कुणाशी बोलायचं राहिलंय का?