दिवा लावून येणारी बस

नागपुरात रस्त्यांना डांबर लागतं ते अधिवेशनाच्या तोंडावर. थंडीत सरकार मुंबईहून इकडे मुक्कामाला येतं, म्हणून खड्डे बुजतात, दुभाजक रंगतात, आणि ज्या रंगासाठी आम्ही वर्षभर तोंड वेंगाडतो तो डब्यांनी येऊन पडतो. आमच्या नियोजन कार्यालयातलं कुठलंही काम ‘अधिवेशनाच्या आधी उरका’ याच बोलीवर चालायचं. बसच्या पट्ट्याचंही तेच झालं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी नवा अभियंता, अंगात भलताच उत्साह. वर्धा रोडच्या डाव्या कडेला फक्त बससाठी पट्टा आखायचा आणि बस चौकाशी आली की सिग्नल हिरवा ठेवायचा, अशी योजना साहेबांनी आणि मी मिळून केली. परदेशात म्हणे सिग्नल बसला आपोआप ओळखतो. आमच्याकडे ओळखणार तो खांबाजवळचा शिपाई, कारण पेटीतलं बटण त्याच्या हातात. त्याला गर्दीत बस लांबून दिसावी म्हणून साहेबांनी तोडगा काढला: बसनं भरदिवसा हेडलाइट लावून यायचं. पट्ट्यातून दिवा लावून जे येईल, त्याला हिरवा. सायकली आणि रिक्षांच्या त्या शहरात दिवसा दिवा लावतो कोण? मला तर तोडगा बेहद्द आवडला.

माझा जीव या पट्ट्यात अडकला होता तो मोठ्या बहिणीमुळे. मेहुणे गेल्यावर ती लेकीला घेऊन प्रताप नगरात राहायची; मीही तिच्याकडेच. बर्डीवरच्या बाजारातल्या एका छापखान्यात तिला पुस्तकबांधणीचं हंगामी काम लागलं होतं. अधिवेशनात तिथं सरकारी कामाचा ढीग पडायचा. मालकानं सांगून ठेवलं होतं, या दिवसांत ज्या बाया वेळेवर येतील त्यांनाच पुढे कायम करीन. भोंगा झाला की फाटक बंद. आधीची बस धरावी तर नळाचं पाणी चुकायचं, आणि नंतरची अजनी चौकात हमखास अडकायची. मी सायकलवर सोडतो म्हटलं तर हसली.

“तू बसले रस्ता करून देऊन राहिला ना गा? मंग मी बसनंच जाईन. बायायले सांगाले पाह्यजे, माह्या भावाचा रस्ता हाय म्हणून.”

रंग उशिरा आला, त्यामुळे पट्टा तयार झाला आणि अधिवेशन उघडलं ते एकदमच. सकाळी मी अजनी चौकात उभा. लांबून बस दिसली, दिवा लावलेली. छाती फुगली माझी. तेवढ्यात तिच्या मागून विमानतळाकडून मंत्र्यांच्या गाड्या आल्या, लाल दिव्याच्या, आणि सगळ्यांचे हेडलाइट लावलेले. रस्त्यात मोकळा होता तो आमचाच पट्टा. शिपायानं शिट्टी फुंकून बसला उजवीकडे रिक्षांच्या गर्दीत घातलं, तिथंच थांबवलं, आणि पट्टा गाड्यांना दिला. त्या गेल्यावर तुंबलेल्या आडव्या रस्त्याची पाळी. ती सरते न सरते तोच मागून पुन्हा दिवे.

मी शिपायावर ओरडलो. तो बिचारा गोंधळला.

“साहेब, तुमीच सांगतलं ना, पट्ट्यातून लाइट लावून येईन त्याले सोडाचं?”



बसच्या खिडकीत बहीण होती. मला पाहून तिनं हात केला. मग शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून हसत काही सांगू लागली. बस जागची हलत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी फाटक बंद झालं, दुसऱ्या दिवशीही. मग मी तिला सायकलवर नेऊ लागलो, पण शिट्टीपुढे सायकलही तिथंच थांबायची. साहेबांना म्हटलं, नियम बदला. ते म्हणाले, “आता हे त्यांना सांगणार कोण? अधिवेशन जाऊ द्या.” अधिवेशन गेलं. छापखान्यानं बाकीच्या बाया ठेवल्या, तिला नाही बोलावलं. साहेबांनी वर कळवलं की प्रयोग यशस्वी, पट्ट्यातली वाहनं विनाअडथळा गेली. खोटं त्यात काहीच नव्हतं. वरून शाबासकी आली. बससाठी पट्टा पुढे चालवावा हे कुणाच्या मनातही आलं नाही. वाहनांनी रंग पुसून टाकला.

वर्षभर ती शेजारपाजारच्यांच्या गोधड्या शिवून देत राहिली. पुढच्या थंडीत मला हुकूम आला: तोच पट्टा, तसाच, अधिवेशनाच्या आधी. बसचं नाव त्यात नव्हतं. मी उभा राहून आखून घेतला. संध्याकाळी पँटवर पांढरे डाग घेऊन घरी आलो. बहीण डाग पाहून खुलली.

“पट्टा मारून राहिले का पुन्हा? मंग यंदा इचारून पाहू का छापखान्यात?”

मी नको म्हणालो. तिनं शेजारणीची गोधडी पुन्हा पुढ्यात ओढली.