दोन विमानतळांच्या मधलं गाव

दुबलगुंडीच्या जगदेवप्पांना विमानांचं भारी वेड, आणि जन्मात एकदाही ते विमानात बसलेले नव्हते. एका अंगाला बीदरचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गुलबर्ग्याचा, मधे आपलं गाव, याचा तोरा असा की दोन्हींना जागा जणू यांनीच दिली. मुलगा सुनीलकुमार बेंगळुरात नोकरीला. "पोरगं सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला घरी," हे ऐकून आम्हा शेजाऱ्यांचे कान किटले होते.

"येवढा कमी येळ लागतो तर येत कामून न्हाई?" असं त्यांची बायको चन्नव्वा विचारायची.

मागच्या थंडीत एका सकाळी चन्नव्वा गेली. सुनीलकुमारचा फोन आला. बीदरच्या विमानात जागा नव्हती, गुलबर्ग्याच्या मिळाली होती. "गाडी पाठवा अप्पा. अव्वाचं तोंड तेवढं बघू द्या."

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात, बसवूनच माती देतात, आणि तेही दिवस मावळायच्या आत. चन्नव्वाला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, हार घातला. पोरगं येईपर्यंत थांबू, असं ठरलं.

गुलबर्ग्याला जीप पाठवायची, एवढंच काम होतं. पण जगदेवप्पांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. "गुलबर्गा ते बीदर विमानानं किती येळ?" मोबाइलनं अंतर सांगितलं, वर पंचवीस मिनिटं म्हणून सांगितलं. रडता रडता त्यांचा चेहरा उजळला. हुमनाबादला आपण बस बदलतो तसं पोरगं गुलबर्ग्याला विमान बदलून जवळच्या बीदरला उतरेल, असं त्यांनी धरूनच टाकलं.

मी म्हटलं, "अण्णा, तसलं विमान हाय का पण?"

"न्हाई तर टाइम कशाचा सांगायलाय ह्यो?" ते माझ्यावर खेकसले. ज्याची मेलेली बायको समोर बसवलीय त्याच्याशी वाद कोण घालणार? गावातल्या काशप्पाची जीप बीदरला गेली.

उन्हं कलल्यावर फोन आला. "उतरलो अप्पा. गाडी कुठं हाय?"

"बीदरला. तू तिथनं दुसरं विमान धर की."

"अप्पा, इथनं बीदरला विमानच न्हाई!"

विमानतळाबाहेरच्या गाड्या आपापली माणसं घेऊन निघून गेल्या होत्या. तो रिक्षानं शहरात गेला, तिथं गाडी शोधली. इकडं विधी करणाऱ्या अय्यांनी मावळतीकडं बघून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा जगदेवप्पा स्वतःच म्हणाले, "चला."

चन्नव्वाला खड्ड्यात बसवलं, तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं. जगदेवप्पांनी माती उचलली, पण मूठ उघडेना. मला दिवसभर त्यांचा संताप येत होता, तो तिथं संपला. शेवटी अय्यांनीच त्यांची बोटं सोडवली.

सुनीलकुमार पोचला तेव्हा माणसं फावडी धूत होती. ओल्या मातीभोवती एक फेरी घालून त्यानं विचारलं, "अप्पा, अव्वाचं तोंड कुणीकडं हाय?"

जगदेवप्पांनी हात केला. त्या बाजूला जाऊन सुनीलकुमार मातीसमोर मांडी घालून बसला.

"सकाळपासनं तशीच बसलीय रे," जगदेवप्पा म्हणाले. "तुझ्यासाठीच."