नानांची एकादशी

भोरच्या रस्त्यावर नाना कुणालाही ओळख देत नसत. समोरून कोणीही येवो, नानांची नजर आपल्या वहाणांच्या अंगठ्यावर. नवख्या माणसाला वाटावं, काय हा शिष्ट माणूस! पण नाना गावातल्या दारूच्या गुत्त्यावर माप घालत, आणि गावातल्या निम्म्या लोकांची अब्रू त्या खाली घातलेल्या मानेमुळे शाबूत होती. माझीसुद्धा होती. मी संस्थानच्या शाळेत मास्तर. शनिवारी दिवेलागणीला डोक्यावरून उपरणं घेऊन मागच्या दारानं गुत्त्यात शिरणारा मास्तर. आता लपवून तरी काय करायचंय? ज्यांना भ्यायचो ते हेडमास्तरही गेले आणि ते उपरणंही गेलं.

'आधी फुटाणं, मग माप,' हा नानांचा नेम. गिऱ्हाईक रिकाम्या पोटी आलंय असा नुसता संशय आला तरी ते मापाला हात लावत नसत. समोरचा हातघाईवर आला तरी शांतपणे फुटाण्यांचं सूप पुढे सरकवायचे. "रिकाम्या पोटी पिनार, घरी जाऊन बायकूवर हात टाकनार, आन् नाव माजं हुनार. खावा आदी!" मोहाच्या दारूत त्यांनी कधी पाणी घातलं नाही, मापात कधी अंगठा बुडवला नाही. रडत आलेल्याला मात्र ते सरळ परत पाठवत. "रडायचं आसंल तर नदीवर जावा. हितं येताना डोळं कोरडं पायजेत." स्वतः थेंबाला शिवत नसत. वासानंच जीव विटलाय म्हणायचे.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला बजावलं होतं, "मास्तर, ह्या उंबऱ्याभाईर म्या तुमाला वळकत न्हाई. तुमी बी मला वळकू नगा. समोर आलो तर खाली बगायचं." मी इमानेइतबारे खाली बघत असे. मला ते फारच सोयीचं होतं. खुद्द नानांना ते कसं वाटत असेल, हे मनात यायला मला चार-पाच वर्षं लागली. आम्हा मास्तरांना काही गोष्टी उशिराच कळतात.

गुत्त्याचा मालक गळ्यात माळ घालणारा. धंदा दारूचा, पण एकादशीला गुत्त्याला कुलूप! त्यामुळे नानांना सुट्टी मिळायची ती नेमकी उपवासाच्या दिवशी. "देवानं बी काय थट्टा केली बगा," ते म्हणत, "मला जेवाय सवड गावती, तवा समदं गाव साबुदाना खातंय." नाना उपास करत नसत. एकादशीला ते पोटभर खात, हिंडत आणि बसत, आणि त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. एकादशी रविवारी आली की मीही बरोबर असे. म्हणजे, बरोबर असे आणि नसेही.

पहिली जागा मोटारस्टँडजवळची, चाचांचं चहाचं दुकान. तिथं सकाळी सकाळी कांदाभजी मिळत, आणि एकादशीला कांदा खाल्ला म्हणून चाचा काही कुणाला हटकणार नव्हते. नाना एका बाकावर, मी पलीकडच्या. आम्ही पाठीला पाठ लावून चहा प्यायचो. चाचा सगळं जाणून होते. ते भज्यांची एकच बशी दोघांच्या मधे भिंतीच्या फळीवर ठेवत आणि आम्ही न बघता मागं हात करून उचलत असू. शेवटचं भजं कुणी घ्यायचं यावर मात्र पंचाईत व्हायची, कारण बोलायची सोय नाही! ते भजं बऱ्याचदा गारढोण होऊन तसंच राही.

मग नाना स्टँडवर मोटारीत चढत आणि मी पुलापलीकडे जाऊन हात करत असे. मोटारीतही दोन बाकं सोडून बसायचं. नसरापूर आलं, खाली उतरलो, आजूबाजूला भोरचं कोणी नाही याची खात्री झाली की नाना मान वर करत. तोंडभर हसून म्हणत, "हां! आता राम राम, मास्तर!" त्यांचं ते हसू भोरात कधी कुणी पाहिलं नसेल.

पावसाळ्यात एवढ्या लांब जाणं होत नसे. तेव्हा भाटघरलाच उतरायचं आणि धरणाच्या कडेला बसायचं. नाना तिथं तास न् तास पाण्याकडे बघत. एकदा म्हणाले, "रोज दुसऱ्याच्या प्याल्यात बगायचं. हितं येवढं पानी हाय, आन् कुनाला मापून द्यायचं न्हाई. लई बरं वाटतं."

पण त्यांची खरी आवडती जागा विंझरला. नसरापूरहून मार्गासनीवरून सगळी वाट पायी. विंझरला एका म्हातारीचं मीठ-मिरचीचं दुकान होतं, आणि मागच्या बाजूला चूल. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि तांब्याभर ताक. आहाहा! पिठल्याला लसणाची अशी फोडणी की वेशीपासून भूक लागावी. आम्हाला बघताच म्हातारी ओरडायची, "या पावनं! पाय धुवा!" आणि दोन घोंगड्या अंथरून गूळपाणी पुढं करायची. नाना काय करतात, मी कोण, हे तिनं कधी विचारलं नाही.

एकदा जेवून तिथंच लवंडलो असताना नाना म्हणाले, "मास्तर, भोरात मला समदं वळकत्यात, पर दिवसाढवळ्या कुनी हाक मारत न्हाई. हितं म्या पावना आसतो. येकच वाटतं बगा. येक डाव भोरात, भर बाजारात, कुनीतरी 'नाना' म्हनून हाक मारावी. बास."

"मी मारीन की!" मी म्हणालो. पोट भरल्यावर माणूस काहीही बोलतो.

नाना हसले. "नगा. नोकरी जाईल तुमची."

अजून एकादशी आली की घरात साबुदाणा शिजतो आणि मला विंझरच्या पिठल्याची भूक लागते. पिठलं कुठंही मिळेल हो. "हां, आता राम राम" म्हणणारा माणूस कुठून आणू?

संस्थान विलीन झालं, दारूबंदीचं वारं आलं. बाजाराचा दिवस होता. मी हेडमास्तरांबरोबर चाललो होतो. हेडमास्तर म्हणजे कडक माणूस. सुपारी खाल्ली तरी चौकशी करणारा. समोरून नाना आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, काखेत गाठोडं, आणि मान ताठ वर! मला बघताच ते बाजाराच्या गलक्यावरून ओरडले, "मास्तर! अवो मास्तर! राम राम!"

आणि मी खाली बघितलं. वर्षानुवर्षांची सवय म्हणा, भीती म्हणा. माझी नजर माझ्या वहाणांच्या अंगठ्यावर गेली, ती तिथंच.

"तुमच्या ओळखीचे का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

नानांनी ते ऐकलं. टोपीला हात लावून हेडमास्तरांना म्हणाले, "चुकलं सायेब. आमच्या येका पावन्यावानी वाटलं." आणि मान खाली घालून गर्दीत गेले. त्या घडीलाही त्या माणसानं माझीच अब्रू राखली.

संध्याकाळी धावत चाचांच्या दुकानात गेलो. चाचांनी चहासुद्धा विचारला नाही. म्हणाले, "गुत्ता कायमचा बंद झाला, मास्तर. नाना सकाळी हितं बसून सांगत होते, आता म्या गुत्तेवाला न्हाई. आता माज्या वळकीनं कुनाचं नाव खराब हुनार न्हाई. आता मास्तरांना भर बाजारात हाक मारतो." चाचा फळीवरची बशी पुसत राहिले. मला धड रडताही येईना.

पुढच्या एकादशीला शाळेत रजा टाकून एकटाच विंझरला गेलो. म्हातारीनं एकच घोंगडी अंथरली. म्हणाली, "त्ये पावनं भोरच्या बाजाराच्या दुसऱ्या दिशी यिऊन गेलं. जेवलं. भाचीकडं निगालोय, लई लांब, म्हनलं. आन् सांगून गेलं, येकादशीला मास्तर येत्याल, त्येंला उपाशी धाडू नगा." मग माझ्याकडे नीट निरखून बघत तिनं विचारलं, "तुमीच न्हवं त्ये मास्तर? नानांच्या वळकीचं?"

"हो!" मी म्हणालो. "मी नानांना ओळखतो. चांगला ओळखतो!"

इतक्या मोठ्यानं म्हणालो की दाराशी बांधलेली शेळी दचकून उभी राहिली. ऐकायला तिथं ती म्हातारी होती, आणि ती शेळी.