गोवऱ्यांमागची दोरी

आत्या गेल्याचं पत्र साताऱ्याला बोर्डिंगात आलं तेव्हा मी वेणी घालत होते. वडिलांच्या दोनच ओळी. वाचल्यावर पहिला विचार काय आला माहितेय? की आता माझं खरं कुणालाच माहीत नाही... लाज वाटते, पण तोच आला.

तर ते सांगूनच टाकते, महिना झाला, पोटात राहत नाही. सोळावं लागलं तरी मला न्हाण आलं नव्हतं. आष्ट्याला आमच्या आळीतल्या सगळ्या मैत्रिणी महिन्याचे चार दिवस बाहेर बसायला लागलेल्या, मी एकटीच उरले. आजी सुस्कारे टाकायची, आई नवस बोलायची. मला वाटायचं, आपल्यात काहीतरी घडवायचं राहूनच गेलंय. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी उठले आणि सरळ मागच्या पडवीत जाऊन बसले. आईनं शेजारणीच्या हातावर साखर ठेवली. सुटले, म्हटलं. दुपारी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असायची.

"धुणं कुठं वाळत घातलंस गं?"

मी दोरीकडं बोट केलं.

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं. दोरीवर एक चिंधी न्हाई, आन् म्हणं बाहेर बसली."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "आत्या, माझ्यात काहीतरी कमी आहे."

"काय कमी न्हाई. मला सतरावं सरताना आलं. तवर तुज्या आजीनं एक देव सोडला न्हाई. आगं, एका वेलाच्या काकड्या तरी एका दिवशी मोठ्या हुत्यात व्हय? येईल तवा येईल. आलं की मला पयलं सांग."

आणि तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टरकावला, भिजवला, गोवऱ्यांच्या ढिगामागच्या दोरीवर टाकला. कापड रेशनवर मिळतं या दिवसांत, तरी. मग दर सुट्टीत तेच. बाहेर बसलेलीला कुणी शिवत नाही, पण आत्या कुणी नाहीसं बघून माझी वेणी घालायची. म्हणायची, "सोंगाचा कसला आलाय इटाळ?" दिवाळीनंतर मी साताऱ्याला परतले आणि त्याच आठवड्यात तिला ताप भरला...

तेराव्याला घरी आले आणि नेमकं त्याच सकाळी आलं. खरंखुरं. पडवीत जाऊन बसले तर आई नैवेद्याच्या गडबडीत म्हणाली, "आजच बसायचं होतं का गं तुला?" तिच्या लेखी हे नेहमीचंच. आत पंगत बसली, आत्याचं पान वाढलं, आणि मला सारखं वाटत होतं, आता दार करकरेल, ती मानेवरचे केस उचलेल. मान गार पडली होती. दोनदा मागं वळून बघितलं मी.

हे छापून आलं की आई वाचेल. वाचू दे. तुमच्या घरात एखादी अशी वाट बघत झुरत असेल, तर तिला ते काकड्यांचं सांगा.

संध्याकाळी फडकं धुऊन गोवऱ्यांमागं गेले. दोरीवर दिवाळीतलं आत्याचं फडकं अजून होतं, उन्हानं विटलेलं, कडक झालेलं. कुणी हात लावला नव्हता. सगळ्यांना ते माझं, विटाळाचं वाटत होतं ना. मी ते जरा सरकवलं, शेजारी माझं घातलं, आणि हळूच म्हटलं, "आत्या, आलं."